कारण सांगा, मग चहा

मावशीच्या घरी टीव्ही बघायला कुणालाच मज्जाव नव्हता, पण चहा मात्र उगाच मिळत नसे. त्यासाठी मत द्यावं लागे. ही काकांची पद्धत. काका म्हणजे मावशीचे यजमान, पाटबंधारे खात्यात कारकून. भीमजयंतीच्या दिवसांत कॉलनीत भाषणं व्हायची, ती करत करतच ते लहानाचे मोठे झाले होते, आणि आपल्या माणसांनी नुसतं बघून गप्प बसायचं नाही, बोलायला शिकायचं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. रविवारी संध्याकाळी जुना सिनेमा संपला की अशोक, म्हणजे मावशीचा मुलगा, टीव्हीचं लाकडी शटर ओढून घ्यायचा, मावशी त्यावर मोरांचं भरतकाम केलेलं फडकं टाकायची, आणि काका खुर्ची फिरवून आमच्याकडं तोंड करून बसायचे. "हं. आवडला का नाही आवडला? आणि का? कारण सांगा, मग चहा." तोवर मावशी स्वयंपाकघरात जाऊन स्टोव्हला पंप मारायला लागलेली असायची. त्या स्टोव्हची भरभर सुरू झाली की मी मनातल्या मनात सिनेमातली गाणी मोजायला लागायचे. अजूनही कुठं रॉकेलचा वास आला, की आता आपला नंबर येणार आणि आपल्याला काही सुचणार नाही, असं वाटतं.

मी सटाण्याच्या पलीकडल्या गावची. गावात सातवीपर्यंत शाळा, आठवी शेजारच्या गावाला पायी जाऊन केली आणि मग ते पायी जाणंही थांबलं. घरी आबा, आई, माझ्या पाठची मंगल आणि सगळ्यात धाकटा भाऊ. दोन पट्ट्यांची जमीन, त्यात बाजरी आणि थोडा कांदा. मावशी एका दिवाळीला आली आणि आईला म्हणाली, "शोभीला माझ्याकडं दे. शिवण शिकंल, बाहेरून दहावीला बसंल. इथं काय शेळ्या वळायच्यात का तिला?" आईनं माझी पत्र्याची पेटी भरून दिली. नाशिकला आले तेव्हा मला सगळ्या गोष्टींची भीती वाटायची: गॅलरीतून खाली बघायची, नळ नीट बंद झाला नाही याची, आणि आपण जास्त जेवतो की काय याची. मावशीनं मला कधी वेगळं मानलं नाही. ताटात अशोकला जेवढं, तेवढंच मला. त्यामुळं भीती आणखी वाढायची. या लोकांचं देणं आपण कशानं फेडणार, हा विचार मी भाकरी मोडतानाही करायचे. मी सगळ्यांच्या आधी उठायचे, गॅलरी झाडायचे, टीव्हीचं फडकं धुऊन इस्त्री करायचे. पण मत? मत कुठून आणायचं? माझी पाळी आली की मी म्हणायचे, "छान होता. गाणी छान होती." शेजारच्या पगारे काकू पदर तोंडाशी धरून हसायच्या. "हिचं एकच कारण. पोरगी आहे का रेडिओ आहे गं, विमल?" विमल म्हणजे मावशी. ती आतून ओरडायची, "असू द्या हो. द्या तिला चहा." काका द्यायचे, पण "पुढच्या वेळी चालणार नाही" असं म्हणून.

जुने सिनेमे मावशीच्या जिवाचे. तिला रडवणारेच आवडायचे. ज्यात कुणी घराबाहेर काढलं जातं, कुणी दुसऱ्याचा गुन्हा आपल्या अंगावर घेतं, कुणी शेवटच्या रिळात खोकत मरतं, असे. अशोक कॉलेजात जायचा, त्याला त्यातलं काही पटायचं नाही. "आई, त्या बाईनं पहिल्या अर्ध्या तासात खरं काय ते सांगून टाकलं असतं तर सिनेमाच संपला असता." मावशी म्हणायची, "मग तुझ्या बापानं रविवारी काय बघितलं असतं?" काकांचं मत वेगळं होतं, आणि ते दर वेळी तेच असायचं. ते म्हणायचे, या सिनेमांत एक जण सगळं सोसतो आणि बाकीचे त्याच्या पाया पडतात. पाया पडणं स्वस्त आहे, त्याचं ओझं वाटून घेणं महाग आहे. मला तेव्हा हे फार कडू वाटायचं. आज मी त्या सिनेमांना इतकी नावं ठेवणार नाही. त्यातलं रडणं खोटं असेल, पण स्वयंपाकघरं खरी होती. भांडी, चुली, दोरीवरचे कपडे, सगळं आमच्यासारखं. आताच्या सिनेमात कुणाच्या घरात खरकटं पडलेलं मी बघितलेलं नाही.

एका रविवारी असाच एक लागला. थोरली बहीण शाळा सोडते, लोकांची धुणीभांडी करते, पाठच्यांना शिकवते, आणि शेवटी तीच पाठची भावंडं तिला विसरतात. मी पडद्यातल्या बाईपेक्षा जास्त रडले. काकांनी विचारलं आणि त्या दिवशी माझ्या तोंडून पहिल्यांदा गाण्यांखेरीज काही निघालं. मी म्हणाले, "मला थोरली आवडली. कारण थोरलीनं असंच करायचं असतं. पाठच्यांसाठी सोडायचं असतं." पगारे काकूंनी कपाळावर बोटं मोडली, "अगं माझी बाई ती!" मावशीनं मला साय घातलेला चहा दिला. काका मात्र कपाकडं बघत म्हणाले, "मत ठीक आहे. सिनेमाचंच आहे पण, तुझं नाही." मला राग आला होता. आता वाटतं, त्या माणसानं माझं पाणी तेव्हाच जोखलं होतं.

माझं खरं मत रविवारी सकाळी असायचं आणि ते मी कुणाला सांगत नव्हते. सकाळी एक परदेशी मालिका लागायची, अवकाशयानाची. पगारे काकू तिला "डब्यातली माणसं" म्हणायच्या आणि त्या वेळात डोक्यावरून आंघोळ उरकायच्या. मावशी डाळ निवडता निवडता एक डोळा टाकायची. इंग्रजी कुणालाच धड कळत नसे. अशोक मध्ये मध्ये सांगायचा आणि तो निम्मं मनानंच सांगतो हे काकांना माहीत होतं. गोष्ट साधी होती. एक यान पृथ्वीवरून निघालंय, रस्ता चुकलंय, आणि आता परत जायची सोय नाही. आत मोजकी माणसं, चकाकणारे तंग कपडे, दारं आपोआप सरकणारी. आमचा टीव्ही काळा-पांढरा, वाऱ्यानं अँटेना हलली की त्या यानावर मुंग्यांचा पाऊस पडायचा. त्यात एक बाई होती. ती लढत नव्हती, यान चालवत नव्हती. तिचं काम यानाच्या पोटात, दिव्यांखाली वाफे केलेले, त्यांत भाजी लावायची. सगळ्यांना जेवायला तीच पिकवायची. पण काही बिनसलं, यंत्र बंद पडलं, बाहेरून कुणी हल्ला केला, की कप्तान धावत तिच्याकडं यायचा आणि विचारायचा. तुझं काय मत? एवढं इंग्रजी मला कळत होतं. ती हात पुसायची, जरा विचार करायची, आणि सांगायची. आणि ते ऐकलं जायचं. भाजीच्या वाफ्यात उभ्या राहिलेल्या बाईला कुणी असं विचारतं, हे मी दुसरीकडं कुठं बघितलं नव्हतं. तिच्यासाठी मी शनिवारीच सगळं दळण-निवडण उरकून ठेवायचे.

आबा आले ते अशाच सकाळी, मालिका सुरू असताना. दारात उभे राहिले, खांद्यावर पिशवी, टोपी हातात. पिशवीत बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, आणि शेंगा, वर नवीन काथ्याची दोरी, वळी करून ठेवलेली. दोरी बघितली आणि मला कळलं. पेटी बांधायला घरून आणलेली ती दोरी. माझ्या पेटीची कडी तुटलेली होती, हे आबांना माहीत होतं.

"काय करी राहिनी, बेटा?" आबा म्हणाले. आमच्याकडं अहिराणी बोलतात.

"टीव्ही बघत होते," मी म्हणाले. शहराच्या भाषेत म्हणाले. त्यांनी माझ्याकडं जरा बघितलं आणि हसले.

काकांनी "या साडूभाऊ, जय भीम" म्हणून त्यांना आपल्या शेजारी खुर्ची दिली, पण आबा आधी आत गेले, पाणी प्यायच्या निमित्तानं. मी पडद्यासमोरच बसून राहिले. यानावर काहीतरी आदळत होतं, धडाधड आवाज होत होते, आणि त्या आवाजांच्या मधल्या फटींतून मला आतलं ऐकू येत होतं. "शोभीनी माय पडनी," आबा मावशीला सांगत होते. आई चाऱ्याचा भारा घेऊन येताना बांधावरून पडली होती. कंबर धरली होती. खाटेवरून उठता येत नव्हतं. "पोरले लेवाले उनू." पोरीला न्यायला आलो. मग मावशीचा आवाज, "न्या की दाजी. तुमची पोर आहे. पण मंगल आहे ना घरी?" त्यावर आबा म्हणाले, "मंगलनी शाळा शे. हुशार शे ती. तिले कसं घर बसाडू?" मग नुसती बांगड्यांची किणकिण. मावशी शेंगा डब्यात ओतत असावी.

म्हणजे सगळं सरळ होतं. थोरलीनं जायचं होतं. आठवड्यापूर्वीच मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की थोरलीनं काय करायचं असतं, आणि त्याबद्दल साय घातलेला चहा प्याले होते.

मालिका संपली. आबा बाहेर येऊन शेवटशेवटचं बघत बसले होते. अशोकनं शटर ओढलं, वर मोरांचं फडकं टाकलं. सकाळच्या मालिकेवर काका एरवी मत मागत नसत, आणि आज तर पाहुणे आले होते. पण काकांना पाहुणे असले की उलट चेव यायचा. खुर्ची फिरली. अशोकनं सांगितलं की स्फोट चांगला होता पण तार दिसत होती. मावशी दारात येऊन म्हणाली, एवढ्या चकचकीत कपड्यांत कुणी भाजी लावतं का, डाग निघायचे नाहीत. सगळे हसले. मग काका माझ्याकडं वळले. "शोभा? गाणी नव्हती यात. आता काय करशील?"

मी उभी राहिले. का उभी राहिले माहीत नाही, बाकी सगळे बसून बोलायचे. मी म्हणाले, "मला ती भाजीवाली बाई आवडते. कारण तिला विचारतात. घरी असती तर तिला कुणी विचारलं नसतं. घरी तिनं नुसती भाजीच लावली असती. ती परत जाऊ शकत नाही, पण मला वाटतं तिला जायचंच नाही. बाकीचे रडतात खिडकीशी उभे राहून. ती एकदा पण रडली नाही. तिला वाईट वाटतं, पण तिला जायचं नाही. आणि मला वाटतं की ते चुकीचं नाही." एवढं सगळं मी एका दमात बोलले आणि बोलताना पूर्ण वेळ टीव्हीवरच्या मोरांकडं बघत होते. आबांकडं एकदाही बघितलं नाही.

आत स्टोव्ह भरभरत होता. मावशी दारातून हलली नव्हती. काका हळूच म्हणाले, "हे तुझं आहे." आणि मग आबा मला न्यायला आलेत हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम पडला. घाईघाईनं ते आबांकडं वळले. "साडूभाऊ, आता तुमचं मत. इथं पाहुण्यालाही माफी नाही."

आबांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "माले काय समजस त्यानामा," ते म्हणाले. मग बंद टीव्हीकडं बोट केलं. "बाई बरी शे. भाजी चांगली शे, हिरवीगार."

"मावसाजी, काळा-पांढरा आहे," अशोक म्हणाला. "हिरवं कुठं दिसलं तुम्हाला?"

"तू शेतकरीना घर ये एकदाव, मंग समजी," आबा म्हणाले, आणि पुन्हा सगळे हसले, आबाही हसले. मग ते म्हणाले, "पन माती कथाईन आनी व्हई?"

"काय म्हणतात?" अशोकनं विचारलं.

"माती कुठून आणली असेल, म्हणतात," काका म्हणाले.

"हां. इतली माती. आभाळमा ते माती नही. कोनं तरी वावर उकरं व्हई." कुणाचं तरी शेत उकरलं असेल, असं आबा म्हणाले. कुणाला लागेल असं काही त्यांच्या आवाजात नव्हतं. काकांनी मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात मत! विमल, पहिला चहा पाहुण्यांना." आबांनी बशीत ओतून चहा घेतला, फुंकर घालून, सावकाश, आणि मी त्यांच्या हाताच्या नखांतल्या काळ्या रेघा बघत बसले.

नेण्याविषयी ते पुढं एक शब्द बोलले नाहीत. मी थांबले होते, ते म्हणतील म्हणून. म्हणाले असते तर मी गेले असते, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण ते म्हणू नयेत अशी प्रार्थनाही मीच करत होते, हेही तितकंच खरं. जेवताना मावशीनं दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला, "दाजी, मग ताईचं..." आणि दोन्ही वेळा आबांनी उसळीची तारीफ केली. मी आईची चौकशी केली तेव्हा म्हणाले, "बरी शे. जरा कंबर धरनी." जणू गारठ्यानं धरली असावी. दुपारच्या गाडीनं निघाले. मी आणि अशोक त्यांना सीबीएस स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागलेली होती, त्यांना खिडकी मिळाली. खिडकीतून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू बोलनी चांगली." तू छान बोललीस. गाडी हलली. घरी आले तर दोरी घरातच होती. विसरले नव्हते ते, नीट वळी करून भिंतीच्या खुंटीला लावून ठेवली होती. मावशीनं ती गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधली. पुढं जितकी वर्षं मी त्या घरात होते तितकी वर्षं माझे कपडे मी त्या दोरीवर वाळत घातले.

मंगलची शाळा त्या आठवड्यातच सुटली. ती सहावीत होती, वर्गात पहिली. आई खाटेवरून उठायला पुढची दिवाळी उजाडली आणि तोवर मंगलला भाकरी थापायची, गुरांचं बघायची इतकी सवय झाली की परत शाळेत पाठवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. मी सुट्टीत गेले तेव्हा ती चुलीपुढं बसलेली होती. म्हणाली, "ताई, टीव्हीमा काय दखाडतस ते सांग ना." मी तिला सिनेमे सांगितले. मालिका सांगितली नाही.

यातून काही चांगलं निघालं असतं तर सांगायला तोंड राहिलं असतं. मी दहावीला बाहेरून बसले, गणितात गेले. पुन्हा बसले, पुन्हा गणितातच गेले. मग काकांनीच म्हटलं की पोरीला छळू नका. शिवण मात्र आलं. लग्न होऊन जबलपूरला आले, कारखान्याच्या वसाहतीत, आणि आता इतकी वर्षं इथंच आहे की स्वप्नंही हिंदीत पडतात. जुन्या सिनेमांबद्दल इथल्या बायकांशी मी खूप बोलते. मत द्यायला आता मला अजिबात भीती वाटत नाही. मावशी आणि काका दोघंही गेले, आणि त्यांच्या उपकाराखाली मी अजून वाकलेली आहे. पण आपण ज्यांचे उपकार मानतो त्यांची नावं आपल्याला माहीत असतात, आणि ज्यांच्या वावरातली माती आणलेली असते त्यांच्याबद्दल आपण बोलत नाही. आबांना ती गोष्ट त्या सकाळी कळली होती. मला कळायला जन्म गेला.

गेल्या हिवाळ्यात गावी गेले होते. आबा नाहीत, आई नाही. मंगल तिथंच राहते, नवरा गेल्यापासून माहेरच्याच घरात; भाऊ शहरात गेला, दोन्ही पट्ट्या तीच बघते. माझ्या नातवानं मला फोनवर ती जुनी मालिका शोधून दिली होती. दुपारी दोघी ओट्यावर बसलो होतो आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी फोन तिच्यापुढं धरला. "मंगल, ही बघ. तुला तेव्हा सांगितली नव्हती." आणि मग त्या दिवसाचं सगळं सांगितलं. आबांची दोरी, उभी राहून मी काय बोलले, सगळं. फोनवर मालिका रंगीत होती. यान म्हणजे पत्र्याचा डबा आणि थर्माकोल आहे हे आता सरळ दिसत होतं. ती बाई आली, हात पुसले, मत दिलं. मंगलनं चष्मा पुढं ओढला, फोन उन्हातून सावलीत घेतला, बोटानं चित्र मोठं केलं. आणि मग ती हसायला लागली. तिला हसू आवरेना.

"ताई, हाई ते प्लास्टिकनं शे! सगळी भाजी प्लास्टिकनी. इतली लांब जाईसन बाई प्लास्टिकले पानी घाली राहिनी!"

मी बघितलं. खरंच होतं. पानं एकसारखी, चकचकीत, साच्यातून काढलेली. वाफ्यात माती नव्हतीच, काळं कसलंतरी कापड अंथरलेलं होतं.

मंगलनं डोळे पुसले, फोन माझ्या मांडीवर ठेवला. हसू अजून ओठांवर होतं. "यानाकरता राहिनी व्हती का तू तठे?" तिनं विचारलं. यासाठी राहिली होतीस का तिकडं? तिचा आवाज रागाचा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, जसं काका खुर्ची फिरवून विचारायचे तसं.

मी तोंड उघडलं आणि कारण काही सुचेना. गाणीही नव्हती त्यात.

मंगल गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली, आणि मला चहा आणून दिला.